कोणत्या डायलिसिसवर माणूस जास्त जगतो?



ओतूर आणि आसपासच्या गावांत बचत गटाची बैठक बसते, हप्ते गोळा होतात, वही मिटते आणि मग घरच्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. पूर्वी त्यात बाळंतपणं आणि तापसर्दी असायची. आता शुगर आणि बीपीच्या मागोमाग डायलिसिस हा शब्द येतो. कुणाचे सासरे, कुणाची जाऊ, कुणाचा तरणाताठा भाऊ. आणि मग हमखास एक प्रश्न येतो, "ताई, रक्ताचं डायलिसिस चांगलं की पोटाचं? कशावर माणूस जास्त दिवस काढतो?"

आज याच प्रश्नावर बोलू. जगभरच्या डॉक्टरांनी यावर पन्नास वर्षं हिशेब मांडले आहेत. त्यांना काय सापडलं आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, ते बघू.

किडनी सालगडी, डायलिसिस रोजंदारी

पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. दिवसभरात त्या रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. शेतावरचं निळं पिंप जवळजवळ भरेल इतकं. त्यातलं कामाचं सगळं त्या शरीराला परत देतात आणि दीडेक लिटर लघवी बाहेर टाकतात. शरीरातलं मीठ आणि पोटॅशियम मापात ठेवणं, रक्तदाब सांभाळणं, रक्त वाढवायला मदत करणं, हीसुद्धा त्यांचीच कामं.

आठवड्याचे तास १६८. किडनी सगळेच्या सगळे १६८ तास राबते. मशीनवरचं डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास, म्हणजे १२ तास होतं. किडनी हा घरचा सालगडी आणि डायलिसिस हा रोजंदारीवर आलेला माणूस. तो काम उरकतो, पण सालगड्याची सर त्याला येत नाही. म्हणून तो ठरलेल्या दिवशी आला नाही तर काम साचतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोन प्रकार

पहिला प्रकार रक्ताचा. यात शरीरातलं रक्त नळीने मशीनकडे जातं, गाळणीतून साफ होतं आणि परत शरीरात येतं. कोणत्याही क्षणी पेलाभरच रक्त बाहेर असतं, त्यामुळे "सगळं रक्त काढून घेतात" ही भीती मनातून काढून टाका. एका वेळच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. म्हणून हे काम बहुतेक ठिकाणी दवाखान्यातच होतं. हे मशीन पहिल्यांदा चालवलं हॉलंडमधल्या विलेम कोल्फ या डॉक्टरांनी, १९४३ साली, महायुद्ध चालू असताना. त्यांच्या मशीनमुळे वाचलेली पहिली व्यक्ती एक ६७ वर्षांची बाई होती. ते साल १९४५.

दुसरा प्रकार पोटाचा. आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. तोच इथे गाळणीचं काम करतो. बेंबीच्या खाली छोटं ऑपरेशन करून एक मऊ नळी बसवतात. त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी अर्धा तास जातो. हे घरी, स्वतःच्या हाताने करता येतं. त्याला वीज लागत नाही. रात्री झोपेत मशीनने पाणी बदलण्याचीही सोय असते, तिला मात्र वीज लागते.

मशीन लागलं म्हणजे माणूस संपला, असं पुष्कळांना वाटतं. वडीलधाऱ्यांना जयप्रकाश नारायण आठवत असतील. जून १९७५ मध्ये आणीबाणीत त्यांना अटक झाली. चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं आणि तिथे डायलिसिस सुरू झालं. तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी मशीन घेतलं. त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षं जगले, १९७७ ची निवडणूक त्यांनी पाहिली आणि ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांचं निधन झालं. पन्नास वर्षांपूर्वीची मशीनं आजच्यापेक्षा कितीतरी साधी होती, तरीही.

तुलना करताना रान बघा

आता मूळ प्रश्न. समजा, एकीने नदीकाठच्या काळ्या रानात कांदा लावला आणि दुसरीने मुरमाड माळावर. बियाणं वेगवेगळं होतं. पहिलीच्या बराखी भरल्या, दुसरीचा कांदा बारीक निघाला. मग पहिलीचं बियाणं चांगलं असं आपण म्हणू का? आपण आधी विचारू, रान कसं होतं, पाणी किती होतं?

डायलिसिसचंही तसंच आहे. परदेशात पोटाचं डायलिसिस घेणारे बरेचदा वयाने लहान आणि हिंडतेफिरते असतात, स्वतःचं स्वतः करू शकतात. ते जास्त जगले तर श्रेय डायलिसिसचं की त्यांच्या तब्येतीचं? आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. हृदय कमजोर झालं, हाताच्या शिरा मिळेनात, मशीन झेपेना, की मग शेवटचा उपाय म्हणून पोटाच्या डायलिसिसचं नाव काढतात. असे रुग्ण लवकर गेले तर दोष पोटाच्या डायलिसिसला द्यायचा का?

खरी तुलना करायची तर एकच मार्ग आहे. भिशीत चिठ्ठी काढतो तशी चिठ्ठी काढायची. निम्म्यांना हे, निम्म्यांना ते, मग दोन्हीकडे सारखेच लोक येतात. हॉलंडमध्ये डॉक्टरांनी हे करून पाहिलं. ७७३ रुग्णांना विचारलं. तयार झाले फक्त ३८. बाकीच्यांनी सांगितलं, कसं जगायचं ते आम्ही ठरवू, चिठ्ठी नाही. माणसं तशी असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यामुळे चिठ्ठीचा पक्का निकाल काही हाती लागला नाही.

म्हणून मग मोठमोठ्या नोंदींमधून, वय आणि बाकीचे आजार यांचा हिशेब लावून, तुलना केली गेली. अमेरिकेत २००२ ते २००४ या काळात डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णांचा असा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. रक्ताच्या डायलिसिसवर अंदाजे ३८ महिने, पोटाच्या डायलिसिसवर अंदाजे ३७ महिने. म्हणजे जवळजवळ बरोबरी. आता, "म्हणजे तीनच वर्षं?" असं म्हणून घाबरू नका. हा आकडा तिथल्या रुग्णांचा आहे. त्यात म्हातारे आणि मधुमेहाने पोखरलेले लोक पुष्कळ होते. याच्या दुप्पट, चौपट जगलेले लोकही असतात. आपल्या माणसाचं आयुष्य त्या आकड्याने मोजायचं नसतं.

इतर देशांतल्या हिशेबांतून आणखी एक गोष्ट दिसली. पहिली एक-दोन वर्षं पोटाचं डायलिसिस बरोबरीचं किंवा थोडं सरस ठरतं. एक कारण असं, की त्यात उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते. थोडी लघवी होत असली तरी ती मोठी मदत असते. पुढे पुढे पोटाचा पडदा थकतो आणि काही जणांना मशीनकडे यावं लागतं. तेव्हा एक प्रकार दुसऱ्याच्या पुढे धावतोय असं नाही. पुष्कळांच्या आयुष्यात दोन्ही प्रकार एकामागून एक येतात.

मग आयुष्य कशाने वाढतं?

डायलिसिसचा प्रकार कोणता, यापेक्षा ते कसं पार पाडलं जातं याने जास्त फरक पडतो.

पहिली गोष्ट, खाडा. अमेरिकेत ३२ हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शुक्रवार. मग शनिवार-रविवारचा मोठा खंड. त्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभर रुग्णांमागे २२ होतं, इतर दिवशी १८. फक्त एक दिवस जास्त मध्ये गेला तर एवढा फरक. आपल्याकडे पुष्कळ जण आठवड्याला दोनदाच जातात, आणि कांदा काढणी आली, घरात लग्न निघालं की त्यातलाही एक दिवस बुडतो. ज्यांना अजून बरी लघवी होते त्यांना डॉक्टर काही काळ दोनदा चालेल असं सांगतात. तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा, आपण गाडीभाडं बघून नाही.

दुसरी गोष्ट, रक्त घ्यायची वाट. घाईच्या वेळी मानेत नळी घालतात. ती नळी जितके दिवस राहील तितका रक्तात जंतू शिरण्याचा धोका. म्हणून हातात फिस्टुला करतात, म्हणजे छोट्या ऑपरेशनने एक धमनी आणि एक शीर जोडतात. ती शीर जाड व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून हे काम डायलिसिसची वेळ येण्याआधी उरकायला हवं. फिस्टुलावर डायलिसिस घेणाऱ्यांत जंतूचे ताप आणि मृत्यू कमी दिसतात. मैत्रिणींनो, ज्या हातात फिस्टुला आहे त्या हातात घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत, त्या हाताने पाण्याची घागर उचलायची नाही, त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही आणि तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. थांबली तर त्याच दिवशी दवाखाना.

तिसरी गोष्ट, पोटाच्या डायलिसिसला स्वच्छता. घरात एक कोपरा ठरवायचा. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, साबणाने हात नीट धुवायचे, त्या वेळी कुत्रं-मांजर आणि लहान पोरं बाहेर. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ, पिवळसर असतं. ते गढूळ दिसलं, पोटात दुखलं, ताप आला तर पोटात जंतू गेलेत असं समजायचं. ती पिशवी सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे. पोटाचं डायलिसिस सोडावं लागतं ते पुष्कळदा अशा जंतूंमुळे.

चौथी गोष्ट, खाणं. आजाऱ्याला बघायला जाताना आपण शहाळं आणि केळी नेतो. लघवी कमी झालेल्या डायलिसिसच्या रुग्णाला हीच भेट धोक्याची ठरू शकते. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते अंगात साचलं तर हृदय बंद पडू शकतं. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला उपवास धरून बटाटा, रताळं, केळी खाल्ली, तर तेच. देवाला हात जोडा, उपवासाचं डॉक्टरांना विचारून ठरवा. मिठाचं पापड-लोणचं जितकं कमी तितकी तहान कमी आणि अंगात साचणारं पाणीही कमी. पोटाच्या डायलिसिसमध्ये मात्र पाण्याबरोबर प्रथिनं निघून जातात, म्हणून अंडी, डाळ, दूध किती घ्यायचं ते आहारतज्ज्ञ वेगळं सांगतात. एकाच्या पथ्याचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

नवं काय आलं आहे?

रक्ताच्या डायलिसिसचा एक सुधारलेला प्रकार आहे, हिमोडायफिल्ट्रेशन. त्यात रक्त जास्त जोरकसपणे गाळलं जातं. इथे मात्र चिठ्ठीची परीक्षा झाली. युरोपातल्या १३६० रुग्णांवरची ही पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे अडीच वर्षांत साध्या प्रकारात शंभरातले २२ गेले, या प्रकारात १७. शंभरामागे पाच माणसं वाचली. ही सोय अजून सगळीकडे नाही, पण नाव माहीत असू द्या.

आणि सगळ्यात जास्त आयुष्य देणारा उपाय डायलिसिस नाही, किडनी प्रत्यारोपण आहे. इथेही रान बघून तुलना केली गेली. १९९९ साली अमेरिकेत किडनी मिळालेल्यांची तुलना किडनीच्या प्रतीक्षा यादीत असलेल्यांशी केली, म्हणजे दोन्हीकडे ऑपरेशन झेपेल असेच लोक. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे धोका जास्त होता, पण पुढे किडनी मिळालेल्यांतले मृत्यू निम्म्याने किंवा त्याहूनही कमी झाले. म्हणून वय आणि तब्येत साथ देत असेल तर डायलिसिस सुरू होतानाच प्रत्यारोपणाचं विचारायचं.

आपल्या गावातून बघताना

ओतूरहून पुण्याला जायचं तर आळेफाटा, नारायणगाव करत एका बाजूला शंभरेक किलोमीटर. आठवड्याला तीन वेळा इतकं जाणं-येणं कोणत्याही घराला झेपणारं नाही. म्हणून मशीन जवळात जवळ कुठे आहे हे आधी शोधायचं. केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला, त्यातून सरकारी रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. २०१९ पासून त्यात पोटाच्या डायलिसिसचीही तरतूद आहे. आपल्या राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतल्या रुग्णालयांत डायलिसिसचा खर्च योजना भरते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारायचं. पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्या योजनेत मिळतील का, घरपोच येतील का, हेही तिथेच विचारा. महिन्याला शंभराच्या आसपास पिशव्या लागतात, एकेक दोन किलोची. त्या ठेवायला कोरडी जागा हवी.

हाँगकाँगमध्ये १९८५ पासून आणि थायलंडमध्ये २००८ पासून सरकारने पोटाच्या डायलिसिसला पहिला मान दिला. थायलंडच्या खेड्यांत पिशव्या टपालाने घरी पोचवल्या. दूर राहणाऱ्या माणसाला पोटाचं डायलिसिस म्हणजे कमी प्रतीचं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्या घरात हात धुऊन नेमाने काम करणारं माणूस आहे, एक स्वच्छ खोली आहे आणि दवाखाना लांब आहे, तिथे त्याचा विचार जरूर व्हावा. जिथे तसं कुणी नाही, रुग्णाला दिसत नाही, हात थरथरतात, पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली आहेत, तिथे मशीन बरं. तीन वेळा जाता येणार नाही असं मशीन आणि स्वच्छता राखता येणार नाही असं पोटाचं डायलिसिस, दोन्ही सारखीच धोक्याची.

आणि बाईचं डायलिसिस?

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्या देशात डायलिसिसच्या खाटांवर पुरुष जास्त दिसतात. किडनी देणाऱ्यांत मात्र बायका जास्त. जिवंतपणी अवयव देणाऱ्या दर शंभरात साठांहून जास्त बायका असतात. आजार काही बाई-पुरुष बघून येत नाही. मग आजारी बाया जातात कुठे? त्या घरीच असतात. पाय सुजलेले, धाप लागलेली, "होईल बरं" म्हणत भाकरी थापत. नवऱ्याच्या डायलिसिसला बाई सोबत जाते. बाईच्या डायलिसिसला सोबत कोण, हा प्रश्न पडला की खाडा होतो. आणि खाड्याने काय होतं ते आपण आत्ताच ऐकलं.

इथे गटाला करण्यासारखं बरंच आहे. गाडीभाड्याला गटातून छोटं कर्ज देता येतं. सोबतीला आळीपाळीने जाता येतं. ज्या दिवशी ती दवाखान्यात असेल त्या दिवशी तिच्या म्हशीची धार काढता येते. आशाताईंना सांगून शुगर किंवा बीपी असलेल्या प्रत्येक बाईची वर्षातून एकदा लघवीतल्या प्रथिनाची आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घेता येते. गुडघेदुखीवर मनाने रोज दुखणीच्या गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणीला थांबवता येतं. किडनीचा बिघाड लवकर कळला तर डायलिसिस वर्षानुवर्षं लांबवता येतं.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. आमच्या माणसाला दोन्हीपैकी काय चालेल आणि का? आठवड्याला किती वेळा, किती तास? फिस्टुला कधी करायचा? पोटाचं डायलिसिस घरी शिकवणार कोण? प्रत्यारोपण होऊ शकेल का? योजनेत काय बसतं? डॉक्टर घाईत असतील तर नर्सताईंना विचारा, आरोग्यमित्राला विचारा, पण विचारल्याशिवाय उठू नका.

हे प्रश्न गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. ज्या घराला लागतील, त्या घराला ते पान फाडून द्या.